संकेतस्थळांचे दुवे : खरी साक्ष आणि खोटी साक्ष

१९२४ सालच्या जानेवारी महिन्यात मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदावर शियाळी रामामृत रंगनाथन रुजू झाले. त्यापूर्वी ते त्याच शहरातील प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असत. गणिताच्या अध्यापकाने पुस्तकांच्या कपाटांत येऊन काय करावे, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला असल्यास नवल नाही. परंतु पुस्तकांचा नुसता ढीग आणि ग्रंथालय यांत जो भेद आहे तो व्यवस्थेचा होय, आणि व्यवस्था हा गणितज्ञाचा आवडता विषय. १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध झाली व १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती. पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र असे सांगते की, वाचकाचा वेळ वाचवावा. आज चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरातील ग्रंथपालाने घालून दिलेला हा दंडक, इंटरनेटवरील शोधयंत्रांचाही मूळ हेतू सांगतो.

फरक एवढाच की, इंटरनेटच्या जाळ्याला ग्रंथपाल नाही. तेथे कोणीही आपले पान लिहून टांगावे. त्याचा दर्जा तपासून त्यास योग्य कपाटात ठेवणारा कोणी नसतो. आरंभीची शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरील शब्द मोजीत. ‘पितळी समई’ हे शब्द ज्या पानावर अधिक वेळा आले ते पान वर, असा स्थूलमानाने हिशेब असे. साहजिकच लबाड लोकांनी तेच शब्द शंभर वेळा लिहिण्यास प्रारंभ केला. स्वतःविषयी स्वतः दिलेली साक्ष विश्वसनीय नसते, हे न्यायालयाप्रमाणे येथेही दिसून आले, आणि साक्ष दुसऱ्याकडून घेणे भाग पडले.

दुसऱ्याची साक्ष मोजण्याची रीत विद्वानांच्या जगात आधीपासून होती. एखाद्या शास्त्रीय निबंधाचे महत्त्व ठरविताना इतर संशोधकांनी त्याचा हवाला किती वेळा दिला हे पाहावे, ही ती रीत. १९२७ साली अमेरिकेत ग्रॉस या आडनावाच्या दोघा संशोधकांनी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी असे हवाले मोजले होते. १९५५ साली यूजीन गारफील्ड यांनी सर्व विज्ञानशाखांसाठी अशा हवाल्यांची सूची करावी अशी योजना मांडली. इंटरनेटवरील पानांमध्ये हवाल्याची जागा दुव्याने घेतली आहे. एका पानावरील ज्या शब्दांवर बोट ठेवले असता दुसरे पान उघडते तो दुवा, आणि बाहेरून आपल्या पानाकडे येणारा दुवा तो ‘आवक दुवा’. व्यवहारात यास ‘बॅकलिंक’ म्हणतात.

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली या कल्पनेला पक्के गणिती रूप दिले. नुसते दुवे मोजून भागत नाही, दुवा देणाराचे वजनही मोजले पाहिजे, हे त्यांच्या पद्धतीचे सार. प्रत्येक पान आपले वजन आपल्यावरील दुव्यांत समभागाने वाटते. ज्या पानाचे वजन १२ आहे व ज्यावर तीनच दुवे आहेत ते प्रत्येकास ४ देते. ज्याचे वजन १०० आहे परंतु ज्यावर २०० दुवे आहेत ते प्रत्येकास अवघा अर्धा देते. मोठ्या माणसाने सरसकट सर्वांना दिलेल्या शिफारसपत्रापेक्षा लहान माणसाने निवडून दिलेले पत्र अधिक मोलाचे ठरावे, तसाच हा प्रकार. याशिवाय वाचक कधी दुव्यामागून जातो, तर कधी कंटाळून भलतेच पान उघडतो, हेही त्यांनी हिशेबात धरले. दुव्यावाटे येणाऱ्या वजनापैकी ०.८५ भागच पुढे जातो आणि प्रत्येक पानाला, त्याच्याकडे एकही दुवा येत नसला तरी, ०.१५ एवढे मूळ भांडवल मिळते. सरासरी पानाचे वजन १ यावे, अशी ही मांडणी आहे.

खोट्या दुव्यांचा सारा व्यापार त्या ०.१५ च्या मूळ भांडवलावर उभा राहिला, ही गोष्ट शाळेतील विद्यार्थ्यांनी कागदावर आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. कोणीही न वाचलेले, कोणीही न सुचविलेले एक पान घ्यावे. त्याचे वजन ०.१५. त्यावर एकच दुवा ठेवला तर त्या दुव्यावाटे ०.८५ × ०.१५, म्हणजे ०.१२७५ एवढे वजन पुढे जाते. हे नगण्य खरे. परंतु अशी एक हजार निरर्थक पाने निर्माण करून त्या सर्वांचा दुवा एकाच दुकानाच्या पानाकडे वळविला, तर त्या पानाकडे १२७.५ एवढे वजन जमा होते. त्याचे स्वतःचे ०.१५ मिळविले म्हणजे १२७.६५. ज्या पानाची खऱ्या वाचकांपैकी एकानेही शिफारस केलेली नाही ते सरासरी पानाच्या सव्वाशेपटीहून वजनदार ठरते! हजार पाने लिहिण्यास मनुष्य लागत नाही, यंत्र ते काम क्षणात करते. अशा पानांच्या समूहास ‘दुव्यांची शेती’ म्हणण्याचा प्रघात पडला. शेतीला हे नाव देणे अन्यायाचे आहे, कारण या शेतात खाण्यासारखे काहीच पिकत नाही.

या लबाडीचा गणिती प्रतिकार करणाऱ्यांत चेन्नईशी नाते असलेले एक नाव अग्रभागी आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून (ही संस्था १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने स्थापन झाली) पदवी घेतलेले कृष्ण भरत व त्यांच्या सहकारी मोनिका हेन्झिंगर यांनी १९९८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दुव्यांवरून पानांची योग्यता ठरविण्याच्या एका निराळ्या पद्धतीतील दोष त्यांनी त्यात दाखविले. एकाच यजमान-संगणकावरील अनेक पाने जेव्हा बाहेरच्या एकाच पानाकडे बोट दाखवितात, तेव्हा ती बोटे पुष्कळ असली तरी हात एकच असतो. म्हणून अशी पाने ‘क’ इतकी असतील तर प्रत्येकाच्या मतास १/क एवढेच मोल द्यावे, असा उपाय त्यांनी सुचविला. हा नियम वरील उदाहरणास लावून पाहिला, आणि ती हजार पाने एकाच ठिकाणची असली, तर १२७.५ चे वजन पुन्हा ०.१२७५ वर येते. हजार साक्षीदारांची एकच साक्ष धरली गेली.

पुढे भरत यांनी जॉर्ज मिहाइला यांच्यासमवेत ‘हिलटॉप’ नावाची पद्धती मांडली. तिच्यात शिफारस करणारी जाणकार पाने परस्परांशी व शिफारस केलेल्या पानाशी संबंधित नसावीत अशी अट होती. संबंध ओळखावयाचा कसा? ज्या दोन संगणकांच्या पत्त्यांतील पहिले तीन अंकगट सारखे, किंवा ज्यांच्या नावांचा मुख्य भाग सारखा, ते एका घरचे समजावे. लग्नाच्या बोलणीत आडनाव व गाव विचारतात त्याहून ही चौकशी फारशी वेगळी नाही. याच चेन्नईच्या संस्थेचे दुसरे एक विद्यार्थी प्रभाकर राघवन हे माहितीशोधनावरील २००८ सालच्या एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे सहलेखक होत. २०२० ते २०२४ या काळात गूगलच्या शोधविभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती.

आता हा प्रश्न सामान्य माणसाच्या दारी कसा येतो ते पाहू. समजा, मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या परिसरात पितळी भांड्यांचे एक जुने दुकान आहे व धाकट्या पिढीने त्याचे संकेतस्थळ काढले आहे. एक दलाल येऊन सांगतो, “महिन्याला अमुक रुपये द्या, तुमचे नाव शोधाच्या पहिल्या पानावर आणतो.” काही महिने नाव वर येतेही. मालकास वाटते, पैसे सत्कारणी लागले. दलालाने प्रत्यक्षात काय केले असते? परदेशातील जुगाराच्या पानांवर, उजाड संकेतस्थळांवर, दुसऱ्यांच्या लेखांखालील अभिप्रायांच्या जागेत त्याने दुव्यांची पेरणी केलेली असते. आणि त्या सर्व ठिकाणी दुव्याचे शब्द अक्षरशः एकच असतात. हा सारखेपणाच घात करतो. खरी माणसे एकाच दुकानाचा उल्लेख निरनिराळ्या शब्दांनी करतात. कोणी दुकानाचे नाव लिहितो, कोणी ‘येथे पाहा’ एवढेच. शेकडो अनोळखी माणसे तंतोतंत एकाच वाक्यात बोलू लागली, तर ती पढविलेली आहेत हे यंत्रासही कळते.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने ओळखली जाणारी गणनपद्धती अमलात आणली व असे दुवे असलेली असंख्य संकेतस्थळे एकाएकी खाली गेली. ज्यांनी जाणूनबुजून लबाडी केली त्यांच्याबरोबर, दलालावर विसंबलेले दुकानदारही त्यात सापडले. घसरण दोन प्रकारची असते, आणि हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळ श्रम वाया जातात. एका प्रकारात शोधयंत्र चालविणाऱ्या संस्थेचा माणूस संकेतस्थळ तपासून दंड करतो; त्याची सूचना मालकास ‘सर्च कन्सोल’ या खात्यात मिळते. दुसऱ्या प्रकारात केवळ गणनपद्धती बदललेली असते. कोणी काही कळवीत नाही. शिवाय पुष्कळदा क्रम घसरण्याचे कारण दुव्यांत नसतेच. कोणी अधिक चांगले पान लिहिलेले असते, किंवा लोकांची आवड पालटलेली असते. अशा वेळी घाबरून दुवे तोडीत सुटणारा मालक आपल्याच भिंतीच्या चांगल्या विटा उपटतो.

दंडाची सूचना आली असेल तर मात्र झाडणी करावीच लागते. तिचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील आहे. गीतांचे शब्द व त्यांवरील टिपा देणाऱ्या ‘रॅप जीनियस’ या संकेतस्थळाने इतर लेखकांना, आमचे दुवे तुमच्या लेखाखाली द्या, आम्ही तुमच्या लेखाची प्रसिद्धी करू, असा देवघेवीचा प्रस्ताव केला होता. तो उघडकीस येताच २०१३ सालच्या नाताळाच्या दिवशी गूगलने त्यास खाली ढकलले. त्या संकेतस्थळाचे स्वतःचे नाव शोधले तरी ते पहिल्या पानावर दिसेना. चालकांनी मग लाखाहून अधिक पाने यंत्राकरवी तपासून संशयित दुवे वेगळे काढले, संबंधितांना ते काढून टाकण्याची विनंती केली आणि उरलेले नाकारले. ४ जानेवारी २०१४ रोजी ते परत आले. हाताशी कुशल यंत्रज्ञ असल्यामुळे हे दहा दिवसांत जमले. मैलापूरच्या दुकानदारास काही महिने लागू शकतात.

कामाचा क्रम असा. प्रथम सर्च कन्सोलमधून सर्व आवक दुव्यांची यादी उतरवून घ्यावयाची व ती पानांनुसार नव्हे, तर संकेतस्थळांनुसार लावावयाची. सहस्रावधी दुवे बहुधा काही डझन घरांतून आलेले आढळतात. मग एकेक घर डोळ्यांनी पाहावयाचे. येथे यंत्राच्या निर्णयावर विसंबणे धोक्याचे आहे. एखाद्या गावच्या ग्रंथालयाचे ओबडधोबड, जुनाट पान यंत्रास संशयास्पद वाटेल. पण तेथील दुवा ग्रंथपालाने स्वखुशीने दिलेला असेल तर तो सोन्यासारखा आहे. दुवा पैसे देऊन किंवा देवघेवीने आला काय, एवढीच खरी कसोटी. जाहिरात म्हणून पैसे देऊन घेतलेला दुवा सर्वस्वी निषिद्ध आहे असेही नाही. २००५ सालापासून दुव्यावर ‘नोफॉलो’ अशी खूण करता येते व २०१९ साली पुरस्कृत दुव्यांसाठी स्वतंत्र खूण आली. खूण असली म्हणजे शोधयंत्र तो दुवा शिफारस म्हणून धरीत नाही.

खोटे ठरलेल्या दुव्यांच्या मालकांना पत्रे लिहावयाची व त्या पत्रव्यवहाराची नोंद ठेवावयाची. पुष्कळांचे उत्तर येत नाही. काही जण तर दुवा काढण्यासाठी पुन्हा पैसे मागतात. अशांसाठी १६ ऑक्टोबर २०१२ रोजी गूगलने नकार नोंदविण्याचे साधन उपलब्ध करून दिले. त्यात साध्या मजकुराची एक यादी द्यावयाची असते, दर ओळीत एक नोंद. संपूर्ण संकेतस्थळ नाकारावयाचे असेल तर ओळीच्या आरंभी ‘डोमेन’ हा शब्द इंग्रजीत लिहून त्यापुढे द्विबिंदू द्यावा लागतो. द्विबिंदूवर साऱ्या ज्ञानाची विभागणी टांगणाऱ्या मद्रासच्या त्या ग्रंथपालास हे पाहून गंमत वाटली असती. यादी दिल्यावर, माणसाने केलेल्या दंडाच्या बाबतीत, काय चुकले व काय काढले हे सांगणारा फेरविचाराचा अर्ज करावयाचा.

झाडणीनंतर पूर्वीचा क्रम परत मिळेल काय? बहुधा तितका नाही, आणि दलाल हे सांगत नाही. मघाच्या हिशेबात खोट्या दुव्यांचे १२७.५ वजन काढून घेतल्यावर उरते ते स्वकष्टाचे. दंड उठला तरी ते उसने वजन परत येत नाही, कारण ते कधी दुकानाचे नव्हतेच. २०१६ सालच्या सप्टेंबरपासून पेंग्विन पद्धती सतत चालू राहू लागली आणि खोट्या दुव्यांबद्दल संबंध संकेतस्थळास खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांचेच मोल शून्य धरण्याकडे तिचा कल झाला. प्रतिस्पर्ध्याने मत्सराने आपल्याकडे वाईट दुवे वळविले तर काय, ही भीती त्यामुळे बरीच कमी झाली.

हा रोग केवळ बाजारापुरता नाही. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने चेन्नईतीलच एका दंतवैद्यक महाविद्यालयाविषयी वृत्त दिले होते. विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतलेल्या निबंधांत त्याच संस्थेच्या निबंधांचे हवाले मोठ्या प्रमाणावर असल्याचे त्यात म्हटले होते. हवाल्यांच्या संख्येवर महाविद्यालयांचे क्रमांक अंशतः ठरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हजार पानांच्या त्या शेताशी असलेले साम्य वेगळे सांगावयास नको. मात्र प्रसिद्ध झालेल्या निबंधांसाठी नकाराची यादी नाही. तेथे निबंध एकेक तपासूनच मागे घ्यावा लागतो.

नकाराच्या यादीचेही दिवस पालटत आहेत. ‘बिंग’ या शोधयंत्राने आपले तसे साधन २०२३ साली बंद केले. गूगलने ते ठेवले, परंतु बहुसंख्य संकेतस्थळांना त्याची गरज पडत नाही, अशी सूचना त्याबरोबर जोडली. यादी दिल्यानंतरही नाकारलेले प्रत्येक पान शोधयंत्राने पुन्हा भेट देऊन वाचल्याशिवाय ती लागू होत नाही. उजाड पानांकडे ते क्वचितच फिरकते, त्यामुळे आठवड्यांमागून आठवडे थांबावे लागते. त्या अवधीत दुकानदाराने करण्यासारखे काम म्हणजे भांड्यांची छायाचित्रे, मापे व घडणीची माहिती नीट लिहून पानावर घालणे.