दडवलेली साक्ष आणि कैद्याचा अर्ज

हेबियस कॉर्पस म्हटले की आपल्यासमोर येतो तो पोलिसांनी उचलून नेलेला मुलगा आणि ‘त्याला हजर करा’ म्हणून उच्च न्यायालयात धावणारे त्याचे वालिद. अमेरिकेत हाच अर्ज खटला संपून शिक्षा भोगणाऱ्या कैद्यालाही करता येतो. राज्याच्या न्यायालयांतले सगळे मार्ग संपले की तो केंद्राच्या, म्हणजे फेडरल न्यायालयात जातो. तिथे ‘मी बेगुनाह आहे’ एवढ्याने सहसा भागत नाही. राज्यघटनेने दिलेला हक्क खटल्यात डावलला गेला, हे दाखवावे लागते.

मुष्टियोद्धा रुबिन कार्टरने ते दाखवले. जून 1966 मध्ये न्यू जर्सीतील पॅटरसन शहरात एका बारमधल्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. मयत गोरे, आरोपी कार्टर आणि जॉन आर्टिस काळे. 1967 मध्ये दोघांना जन्मठेप झाली. 1976 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण त्याच वर्षी फेरखटल्यात ते पुन्हा दोषी ठरले. 1982 मध्ये ती शिक्षा चार विरुद्ध तीन मतांनी कायम झाली. फक्त एका मताचा फरक!

7 नोव्हेंबर 1985 रोजी फेडरल न्यायाधीश ली सारोकिन यांनी कार्टरचा अर्ज मान्य केला. सरकार पक्षाने वांशिक सूडाचा मुद्दा पुराव्याविना ज्युरीपुढे मांडला होता. शिवाय मुख्य साक्षीदाराच्या खोटेपणा-चाचणीचा खरा निष्कर्ष बचाव पक्षापासून दडवला होता. साक्ष लपवण्याची मनाई सूरह अल-बकराच्या 283व्या आयतीत आहे. इथे सरकारी वकिलांनीच ती लपवली. कार्टर सुटला, तोवर जवळपास 19 वर्षे गेली होती. सरकारची अपिले मात्र 1988 पर्यंत चालूच राहिली.

आज हा दरवाजा बराच अरुंद झाला आहे. ओक्लाहोमा सिटीतील बॉम्बस्फोटानंतर 1996 मध्ये आलेल्या कायद्याने या अर्जाला साधारण एक वर्षाची मुदत घातली. राज्याच्या न्यायालयाचा निकाल नुसता चुकीचा असून चालत नाही, तो अवाजवी ठरावा लागतो. फाशीची शिक्षा नसेल तर या अर्जासाठी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही. त्यामुळे अनेक कैदी तुरुंगाच्या ग्रंथालयात बसून तो स्वतःच लिहितात.