पाचवी वही

शिकागोच्या वायव्येला, ओ'हेअर विमानतळ मागे टाकून थोडे पुढे गेले की शॉमबर्ग लागते. नाव ऐकताच वुडफिल्ड मॉल आठवतो, मोटोरोला आठवते, संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेली मराठी घरे आठवतात. 1840 च्या दशकात मात्र इथे जमीन कसायला आले ते उत्तर जर्मनीतल्या शॉमबर्ग मुलखाचे शेतकरी. 1847 मध्ये त्यांनी सेंट पीटर लुथेरन मंडळी स्थापन केली. 1863 साली बांधलेले तिचे जुने चर्च अजून उभे आहे. आपल्या मुलखाचे नावही या वस्तीला त्यांनीच दिले.

त्या मुलखातले राजधानीचे गाव ब्युकेबुर्ग. संस्थान लहान, पण कान मोठा. काउंट अर्न्स्ट याने 1607 मध्ये दरबार तिथे हलवला, नवे चर्च बांधले आणि एसायास कोम्पेनियस या नामवंत कारागिराकडून त्यात ऑर्गन बसवून घेतला. विल्यम ब्रेड नावाचा इंग्रज वादक इंग्लंड सोडून उत्तर युरोपातल्या दरबारांतून फिरत होता, तोही काही काळ इथे चाकरीला होता. पुढे 1750 मध्ये योहान सेबास्टियन बाखचा मुलगा योहान क्रिस्टोफ फ्रिडरिश इथे नोकरीला लागला आणि 1795 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. हेर्डरसारखा विचारवंत त्याच गावात धर्माधिकारी होता आणि बाखच्या ओरातोरियोंसाठी, म्हणजे धार्मिक कथागायनांसाठी, शब्द लिहून देत होता. या 'ब्युकेबुर्गच्या बाख'ची बरीच हस्तलिखिते दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली, म्हणून भावंडांच्या मानाने त्याचे नाव कमी ऐकू येते. मला तो भावांपेक्षा हलका वाटत नाही.

अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये राहून असे जुने युरोपीय संगीत ऐकायचे तर शिकागोची वाट धरावी लागते. गावात मेट्राचे स्टेशन आहे, मिलवॉकी वेस्ट मार्गावरची गाडी थेट युनियन स्टेशनला नेते. मैफलींचा हंगाम पानगळीत सुरू होतो आणि वसंतात संपतो. शिकागोच्या बर्फाळ महिन्यांत लोक घराबाहेर पडायला नाखूश असतात, नेमका तेव्हाच तो भरात असतो.

या हंगामातले सर्वांत मोठे नाव म्युझिक ऑफ द बरोक. टॉमस विकमन यांनी 1972 मध्ये ही संस्था सुरू केली आणि 2002 मध्ये जेन ग्लोव्हर तिच्या संगीत दिग्दर्शक झाल्या. हेंडेल आणि बाख यांच्या मोठ्या समूहरचना इथे फार नीटसपणे होतात. गायकवृंद उत्तम आहे, पण वाद्ये आजच्या घडणीची आहेत, त्यामुळे जुन्या ध्वनीची चव पूर्णपणे मिळत नाही. ज्याला ती चव हवी आहे त्याने न्यूबेरी कन्सॉर्टकडे वळावे.

न्यूबेरी हे शिकागोतले स्वतंत्र संशोधन-ग्रंथालय. वॉल्टर न्यूबेरी या धनिकाच्या मृत्युपत्रातून 1887 मध्ये ते उभे राहिले. जुने नकाशे, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे दस्तऐवज आणि संगीताची हस्तलिखिते यांसाठी ते प्रसिद्ध आहे. 1982 मध्ये व्हिओला दा गांबा वाजवणाऱ्या मेरी स्प्रिंगफेल्स यांनी तिथे हा लहानसा वाद्यमेळ उभारला. पुढे व्हायोलिनवादक डेव्हिड डग्लस आणि गायिका एलेन हार्गिस यांनी तो सांभाळला आणि 2022 पासून लायझा मॅलमुट त्याच्या कलादिग्दर्शक आहेत. त्या सॅकबट वाजवतात, म्हणजे आजच्या ट्रोम्बोनचे जुने, अरुंद तोंडाचे, मऊ आवाजाचे रूप. ग्रंथालयाच्या कपाटांत कागदावर पडून असलेले संगीत त्याच गावात वाजले पाहिजे, हा या मेळाचा जन्महेतू होता आणि तो सुटलेला नाही.

त्या कपाटांतले एक रत्न म्हणजे 1520 च्या दशकाच्या अखेरीला फ्लोरेन्सहून इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला नजराणा म्हणून गेलेल्या वह्या. त्यांत तीस मोटेट, म्हणजे धार्मिक गीते, आणि तीस मॅड्रिगल, म्हणजे लौकिक गीते, आहेत, बरेचसे फिलिप व्हेर्देलो याचे. त्या काळी सगळ्या आवाजांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेले पान गायकांपुढे नसे. प्रत्येक आवाजाची वही वेगळी. आपल्या नाटक मंडळ्यांत नटाला फक्त स्वतःच्या भाषणांची नक्कल मिळे, तसाच हा प्रकार. समोरच्याचे काय चालले आहे ते कानानेच ओळखायचे. न्यूबेरीत या संचाच्या चार वह्या होत्या. पाचवी, आल्टस या मधल्या आवाजाची, बेपत्ता होती. 1972 मध्ये संगीताचे अभ्यासक एच. कॉलिन स्लिम यांनी या संचावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा काही रचनांत तो आवाज मोकळाच होता. नंतर ती वही इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या ऑस्कट कॉलेजात मिळाली. एक ओळ सापडली आणि शतकानुशतके अपुऱ्या राहिलेल्या रचना पुन्हा गाता येऊ लागल्या. ग्रंथालयाचे काम किती जिवंत असते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे रत्न ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या विन्चेन्झो कापिरोला याचे, साधारण 1517 चे हस्तलिखित. विदाल नावाच्या शिष्याने ते उतरवले आणि समासांत प्राणी-पक्षी-झाडे रंगवली. पुढे ही वही संगीत न समजणाऱ्याच्या हाती पडली तरी निदान चित्रांसाठी तो ती जपेल, असे कारण त्याने स्वतःच लिहून ठेवले. त्याचा हिशेब खरा ठरला.

या मैफलींना गेल्यावर मराठी श्रोत्याने आधी वाद्ये पाहावीत. व्हिओला दा गांबा गुडघ्यांत धरून गजाने वाजवतात. तारा तातीच्या असतात आणि गळ्यावरचे पडदेही तातीचेच, बांधलेले, म्हणून सतारीच्या पडद्यांप्रमाणे सरकवता येतात. हार्प्सिकॉर्डमध्ये हातोडी नसते, पिसाच्या दांडीचे छोटे नखीवजा टोक तार छेडते. त्यामुळे बोट जोरात दाबले म्हणून आवाज फारसा वाढत नाही. भावना जोरावर नव्हे, वेळेवर उभी करावी लागते: सूर किंचित उशिरा आणायचा, दुसरा थोडा जास्त रेंगाळू द्यायचा.

नंतर कागद पाहावा. बरोक, म्हणजे बाख-हेंडेलच्या, काळातल्या साथीच्या पानावर बहुधा फक्त खर्जाची ओळ असते आणि तिच्यालगत काही आकडे. आकडे पाहून वरचे स्वर कसे भरायचे ते वादक तिथल्या तिथे ठरवतो. गायकानेही लिहिलेली ओळ जशीच्या तशी गायची नसते. पुन्हा येणाऱ्या भागात तान, हरकत, मुरकी त्याने स्वतः घालायची, आणि काय शोभेल ते त्याच्या तालमीने ठरते. पश्चिमेत संगीत कागदावर पक्के असते, ही आपल्याकडची समजूत मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासून पुढे खरी आहे. सतराव्या शतकातला गायक बंदिशीचा विस्तार करणाऱ्या आपल्या गवयाला पुष्कळ जवळचा होता. म्हणूनच माझे ठाम मत आहे की मराठी कानाला युरोपच्या संगीतात शिरायचे तर बेथोव्हेनपेक्षा हे दार सोपे आहे.

सर्वांत जवळचे नाते गंधाराचे. आजच्या पियानोत बारा सुरांचे अंतर सारखे केलेले असते आणि त्यासाठी गंधार नैसर्गिक जागेपेक्षा थोडा चढवावा लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकात कीबोर्ड अनेकदा अशा रीतीने जुळवत की काही पंचम जरा दबके व्हावेत पण गंधार अगदी शुद्ध, पाचास चार या प्रमाणात यावा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा. अशा जुळणीतल्या ऑर्गनवर एखादा स्वरसमूह स्थिरावला की वातावरण निवळल्यासारखे होते. कारण कानाला कळते, सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत.

सुरांच्या जुळणीचा हा प्रश्न आपल्याकडे कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साक्ष घेऊन त्यांनी श्रुतींची मोजदाद केली. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांची बाजू उचलून धरली. दोघांनी श्रुती-हार्मोनियम घडवून घेतला आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तो मांडला. विद्वानांना तो पटला नाही आणि वाद्य चालले नाही. पण देवलांचा प्रश्न खरा होता. समान अंतराच्या पट्ट्यांनी गळ्याचे सूर बिघडतात ही तक्रार पुढेही टिकली. आकाशवाणीने 1940 पासून अनेक वर्षे हार्मोनियमला मज्जाव केला त्याच्या कारणांत हीही होती. युरोपातले जुने संगीत पुन्हा उभे करणारे अर्नोल्ड डोल्मेच त्याच काळात आपल्या कार्यशाळेत जुनी वाद्ये घडवत आणि जुन्या स्वरमेळाकडे परत जात होते. देवल आणि डोल्मेच यांची कधी भेट झाली असती तर बोलायला विषय कमी पडला नसता.

न्यूबेरीत आणखी एक ठेवा आहे: मेक्सिको सिटीतल्या एन्कार्नासिओन मठाच्या सहा गायनवह्या. त्यांत हुआन दे लिएनास यांच्या अनेक आवाजांच्या रचना आहेत आणि त्या गायच्या त्या मठातल्या बायकांनी. मग खालचे आवाज कोणी गायचे? काही बायका खर्जात उतरत, काही ओळी वाद्यांवर येत. कन्सॉर्टने गायिकांचा मेळ जमवून, जोडीला वाद्ये घेऊन, हे संगीत शिकागोत पुन्हा ऐकवले. ऐकताना गोव्याची आठवण येतेच. तिथेही हे संगीत मिशनऱ्यांबरोबर, राज्यकर्त्यांच्या जोरावर आले. चर्चशाळांतल्या मेस्तांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, गावोगावच्या मुलांना सोल्फेज (स्वरनामे घेऊन गाणे) आणि व्हायोलिन शिकवले, आणि त्याच शिक्षणाच्या बळावर पुढे गोव्याचे वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले. ज्यांच्यावर हे संगीत लादले गेले त्यांनी ते आपले करून घेतले. मेक्सिकोत घडले ते मडगावच्या आसपासही घडले, पण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

या मैफलींना येणारे श्रोते बहुतेक वयस्क असतात आणि आपली माणसे विरळा. शॉमबर्ग परिसरात मुलांना व्हायोलिन शिकवणारी मराठी घरे पुष्कळ आहेत, तबला-पेटी शिकवणारीही. त्यांना माझी विनंती आहे: या हंगामात एका तरी मैफलीला मुलांना घेऊन जा. शक्यतो लहान सभागृह निवडा, पुढच्या रांगेत बसा आणि मध्यंतरात वादकांजवळ जाऊन वाद्य दाखवायला सांगा, ते आनंदाने दाखवतात. मोठ्यांसाठी आणखी एक गोष्ट: न्यूबेरीत वाचनासाठी ओळखपत्र काढायला पैसे पडत नाहीत, आणि त्यासाठी विद्यापीठाची पदवीही लागत नाही.