नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल वेळेवर का बदलायचं? तपासणीत काय दिसतं, समजून घ्या

वसमत : पाडव्याला नाहीतर दसऱ्याला दारात नवा ट्रॅक्टर येतो. पूजा होते, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. बघता बघता मीटरवर ५० तास होतात अन् पहिल्या सर्व्हिसिंगसाठी फोन येतो. तेव्हा बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं, "आत्ताच तर घेतलाय, ऑईल एवढ्यात कसं खराब होईल?"

प्रश्न रास्त आहे. पण प्रयोगशाळेतली ऑईल तपासणी नेमकं उलटं सांगते. इंजिन नवं असतं तेव्हाच त्याच्या ऑईलमध्ये साधारणपणे सगळ्यात जास्त धातू सापडतो.

धातू येतो कुठून?

गिरणीच्या दगडाला टाकी लावली की पहिल्या दळणात कच लागते. इंजिनाचंही तसंच आहे. नव्या लायनरच्या आत बारीक तिरप्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात, ऑईल टिकून राहावं म्हणून. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून हळूहळू जागेवर बसतात. या घासण्यातून निघालेला बारीक चुरा ऑईलमध्ये उतरतो. शिवाय कारखान्यात जोडणी करताना लावलेली पेस्ट आणि गॅसकेटच्या सिलिकॉनचा अंशही त्यात येतो.

तपासणी कशी होते?

ऑईलचा थोडासा नमुना यंत्रात प्रचंड तापवतात. प्रत्येक धातू तापल्यावर आपला वेगळा प्रकाश देतो. त्यावरून कोणता धातू किती, ते कळतं. आकडा पीपीएममध्ये येतो, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

- लोखंड वाढलं : लायनर, रिंगा किंवा क्रँक घासतोय.
- अॅल्युमिनियम : बहुतेक पिस्टनचं.
- तांबं, शिसं, कथील : बेअरिंग आणि बुशचं. नव्या इंजिनात तांबं ऑईल कूलरमधूनही येतं.
- सिलिकॉन : नव्या इंजिनात गॅसकेटच्या पेस्टचं, जुन्यात मात्र बहुधा धुळीचं.
- सोडियम, पोटॅशियम : रेडिएटरचं कूलंट आत शिरत असल्याची शंका.

याशिवाय ऑईल पातळ झालंय का, त्यात डिझेल किंवा पाणी मिसळलंय का, हेही बघतात.

ही पद्धत नवी नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वेने ती वापरायला सुरुवात केली. आपल्याकडेही रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाचं ऑईल असंच तपासतात. इंजिन न उघडता आतला बिघाड आधी कळतो, हा त्यातला फायदा.

आकडा बघून घाबरू नका

समजा, ८ लिटर ऑईलमध्ये लोखंड १०० पीपीएम निघालं. ऐकायला मोठं वाटतं, पण एवढ्या ऑईलचं वजन साधारण ७ किलो. म्हणजे सगळं मिळून लोखंड ०.७ ग्रॅम, पाऊण ग्रॅमही नाही. पहिल्या ऑईलमध्ये धातू जास्त निघाला म्हणून इंजिन खराब, असं होत नाही. पुढच्या प्रत्येक ऑईलला आकडा उतरत गेला पाहिजे. उतरला नाही तर मात्र चौकशी करावी.

आणखी एक. हे यंत्र फक्त अतिबारीक कण मोजतं. मोठे तुकडे त्याला दिसत नाहीत. म्हणून ऑईल काढताना ड्रेन नट आणि जुना फिल्टर डोळ्यांनी बघावा. चकाकणारे तुकडे दिसले तर लगेच कंपनीच्या मेकॅनिकला दाखवावेत.

बोटावर ऑईल घेऊन "काळं झालं, संपलं" म्हणणंही बरोबर नाही. डिझेल इंजिनाचं ऑईल काजळीमुळे लवकरच काळं पडतं.

हळदीच्या हंगामात धुळीवर लक्ष ठेवा

वसमत भागात हळद पॉलिशचा ड्रम ट्रॅक्टरवर चालतो. तासन् तास ट्रॅक्टर त्याच धुराळ्यात उभा असतो. एअर क्लीनर तुंबला किंवा पाईपचा क्लॅम्प ढिला राहिला तर धूळ थेट इंजिनात जाते आणि रिंगा, लायनर खाते. पुढच्या तपासणीत सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही सोबत वाढलेले दिसले, तर पहिला संशय एअर क्लीनरवर घ्यावा.

काय करावं?

- ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुतेक ५० तासांच्या आसपास असते. आपल्या पुस्तिकेतला आकडा बघा. ऑईलसोबत फिल्टरही बदला.
- कारचं वेगळं असतं. अनेक कारच्या १००० किलोमीटरच्या सर्व्हिसमध्ये फक्त तपासणी होते, ऑईल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्षाला बदलतात. तिथेही पुस्तिकाच प्रमाण.
- ग्रेड पुस्तिकेत दिलाय तोच घ्या. बिल जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.
- सुरुवातीच्या तासांत इंजिनाला जास्त ओढ देऊ नका, पण नुसतं उभ्याने तासभर चालूही ठेवू नका.
- तपासणी करायची असेल तर इंजिन गरम असताना, ऑईलची धार निम्मी वाहून गेल्यावर, कोरड्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्या. बाटलीवर तास आणि ऑईलचं नाव लिहा.

प्रत्येकाने प्रयोगशाळा गाठावी असं नाही. ऑईल-फिल्टरचा खर्च काही हजारांचा, इंजिन उतरवायची वेळ आली तर खर्च त्याच्या कितीतरी पट, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. आज ट्रॅक्टर घरी आला की मीटरवरचे तास तेवढे बघून घ्या.