खाऊ का गिळू!

आपल्या भागात ‘खाल्लं जाणं’ हा गमतीचा विषय नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या पिढ्यान् पिढ्या राहतोय, बेल्ह्याच्या शिवारातही तो नवा नाही. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाणारा माणूस बॅटरी, काठी घेऊनच निघतो. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, २०२५च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला सुरुवात केली होती. अशा ठिकाणी बसून ‘कुणीतरी आपल्याला अख्खं गिळावं, ही कल्पना काहींना हवीहवीशी वाटते, तीही लैंगिक अर्थानं’ असं लिहायचं म्हणजे जरा धाडसच आहे.

पण वाटते. तिला नावही आहे, व्होरेरफिलिया. लॅटिनमधल्या ‘गिळणं’ या अर्थाच्या शब्दाला ग्रीकमधलं ‘प्रेम’ जोडून केलेलं. कुणाला गिळलं जाण्याची कल्पना आवडते, तर कुणाला गिळणारं होण्याची. गिळणारा कधी अवाढव्य माणूस असतो, कधी साप, कधी ड्रॅगन. आणि वाचून ‘ईईई’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. यातल्या बऱ्याच कल्पनांमध्ये रक्त नसतं, दात लागत नाहीत, दुखत नाही. माणूस अख्खा आत जातो, अंधारात, उबेत राहतो आणि पुष्कळदा सुखरूप बाहेरही येतो. रक्तपाताच्या कल्पना असणारे लोकही आहेत, पण दोन्ही प्रकार वेगळे धरले जातात. हे प्रत्यक्षात करणं शक्यच नसल्यामुळे सगळं राहतं ते चित्रांत आणि गोष्टींत.

मानसशास्त्रानं याकडे तसं उशिराच लक्ष दिलं. एमी लाइकिन्स आणि जेम्स कँटर या दोन संशोधकांनी २०१४मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ सेक्शुअल बिहेव्हिअर’ या नियतकालिकात एका पुरुषाची केस मांडली. गिळण्याच्या या ओढीचं नातं दुसऱ्याच्या पूर्ण ताब्यात जाण्याच्या इच्छेशी आहे का, हे त्यांनी तपासलं. मला हा धागा सगळ्यात पटतो. कारण ताब्यात जाण्याची इच्छा अजिबात दुर्मीळ नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ख्रिश्चन जॉयल आणि सहकाऱ्यांनी १,५१६ प्रौढांना ५५ लैंगिक कल्पनांबद्दल विचारलं होतं. त्यातल्या अगदी दुर्मीळ म्हणाव्यात अशा दोनच निघाल्या. शरण जाण्याच्या, दुसऱ्याच्या हुकमात असण्याच्या कल्पना तर बायकांमध्ये आणि पुरुषांमध्येही सर्रास सापडल्या. म्हणजे ‘तू सांगशील तसं’ हे एक टोक धरलं, तर ‘तू मला गिळूनच टाक’ हे त्याच रस्त्यावरचं लांबचं गाव. रस्ता ओळखीचाच आहे.

फ्रॉइडचं नाव इथे येणारच. बाळ जग पहिल्यांदा तोंडानं ओळखतं, आणि प्रिय वस्तू आत घेणं म्हणजे ती आपलीशी करणं, अशी काहीशी त्याची मांडणी. ऐकायला भारी आहे, पण ती सिद्ध कशी करायची हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही तसाच आहे. त्यापेक्षा भीती आणि आकर्षण यांचं गणित जास्त रंजक वाटतं. १९७४मध्ये डटन आणि एरन यांनी व्हँकुव्हरजवळच्या एका उंच, हलत्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. पुलावर भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष साध्या, भक्कम पुलावरच्यांपेक्षा जास्त निघाले. छातीतली धडधड भीतीची की आवडीची, यात मेंदूचा गोंधळ होतो, असा त्यांचा अंदाज. या प्रयोगावर नंतर टीकाही झाली. पण हॉरर सिनेमाला क्रशला घेऊन जाणाऱ्या कुणालाही हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याकडे या. ‘खाऊ का गिळू’ अशी नजर आपल्याच भाषेत आहे. चिंतेनं माणूस खाल्ला जातो, अंधार वाट गिळतो, आणि एखाद्याकडे नुसतं बघूनही त्याला डोळ्यांनी खाता येतं. आणि गोष्टी! अघासुर अजगर होऊन तोंड वासून बसतो. गोपाळ त्याला गुहा समजून वासरांसकट आत जातात. कृष्ण सगळ्यांना जिवंत बाहेर काढतो. हनुमान सुरसेच्या तोंडात शिरतो आणि एवढासा होऊन बाहेर पडतो. मच्छिंद्रनाथांना तर उपदेश मिळाला तोच माशाच्या पोटात. नवनाथांचं पारायण होणाऱ्या घरात ही कथा सगळ्यांना पाठ असते. यात लैंगिक काहीही नाही, उगाच कुणी भावना दुखावून घेऊ नका. मुद्दा एवढाच, की आत जाणं, अंधारात राहणं आणि वेगळं होऊन बाहेर येणं ही कल्पना माणसाला फार जुन्या काळापासून भुरळ घालते. काहींच्या बाबतीत ती शृंगाराच्या खोलीतही शिरते, इतकंच.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती भोपळ्यातली म्हातारी. वाघ तिला खायला येतो आणि ती चक्क वाटाघाटी करते. आत्ता हाडंच आहेत रे बाबा, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. वाघ थांबतो! गोष्ट कधी संपणार, हे वाघ ठरवत नाही, म्हातारी ठरवते. गिळलं जाण्याच्या कल्पनेतही नेमकं हेच घडतं. वरवर पाहिलं तर शिकार अगदी असहाय असते. प्रत्यक्षात वाघ किती मोठा, त्यानं काय बोलायचं, कुठे थांबायचं, हे सगळं शिकारच लिहीत असते. डायरेक्टर तीच. असहाय होण्याची मजा तिला परवडते, कारण डोळे उघडले की खेळ बंद.

उसाच्या सरीत हे ‘बंद’चं बटण नसतं. म्हणून ज्याच्या घरात खरोखर हल्ला झालाय, त्याच्यासमोर या दोन गोष्टी एकाच मापानं मोजू नयेत. आदिवासी पाड्यांवर वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, तो त्यानं गुराढोरांना आणि माणसांना सोडावं म्हणून. भीतीशी जगण्याची ती एक रीत. मनातल्या मनात भीतीशी खेळणं ही अगदीच दुसरी.

ही रेघ पुसली गेली की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. जर्मनीतल्या रोटेनबुर्गच्या आर्मिन माइवेस यानं २००१मध्ये एका माणसाला मारून त्याचं मांस खाल्लं. त्या माणसानं स्वतःहून तयारी दाखवली होती. २००४मध्ये माइवेसला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. पुन्हा खटला चालला आणि २००६मध्ये जन्मठेप. मेलेल्याची तयारी होती, हा मुद्दा त्याला वाचवू शकला नाही. या विषयावर बोलायला लागलं की लोक थेट याच केसवर उडी मारतात. ते म्हणजे कुस्ती आवडणाऱ्या प्रत्येकाला मारामारीच्या गुन्ह्यात धरण्यासारखं आहे.

डॉक्टर मंडळींची रेघ बरीच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३च्या वर्गीकरणात वेगळी लैंगिक आवड असणं हा स्वतःहून आजार मानलेला नाही. त्या आवडीमुळे माणूस स्वतः त्रासात असेल, जगणं अडत असेल, किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, त्याच्या मर्जीविरुद्ध काही होत असेल, तर मात्र तो उपचाराचा विषय. पण खरी गोची पुढे आहे. पुष्कळदा त्रास कल्पनेचा नसतोच, ‘मी एकटाच असा’ या लाजेचा असतो. हॉस्टेलच्या खोलीत चौघं राहतात, घरी एकच फोन चार हातांत फिरतो, तिथे हे बोलायचं कुणाशी?

मराठीत एकेकाळी अशी जागा होती. र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, बाकीच्यांना अश्लील वाटणाऱ्या प्रश्नांनासुद्धा, ते सरळ उत्तरं देत राहिले. या उत्तरांवरूनच १९३४मध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला, तरी १९५३मध्ये जाईपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. नव्वद वर्षांनी आपण तोच प्रश्न इन्कॉग्निटो विंडोत टाइप करतो आणि समोर येतं ते एकतर पॉर्न, नाहीतर ‘गुप्तरोग’वाल्यांची जाहिरात. एसटी स्टँडच्या भिंतीवरची ती जाहिरात तर कुणी विचारूच नये.

जोडीदाराला सांगायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सांगायचंच असेल, तर ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणायची पूर्ण मोकळीक हवी. आणि कुणी मित्र-मैत्रीण विश्वासानं बोललीच, तर ते कॉलेजच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. स्क्रीनशॉट एका सेकंदात निघतो, पण त्याच्यापायी एखाद्याचं कॉलेजला येणं कायमचं बंद होऊ शकतं. कल्पना डोक्यातून जातच नसतील, अभ्यास-झोप बिघडली असेल, कुणाला इजा करावीशी वाटत असेल किंवा स्वतःच्या जिवाचे विचार येत असतील, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत सुरू असते, मराठीतही बोलता येतं. सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल, तर ‘माझ्या डोक्यात एक कल्पना येते आणि तिची मला भीती वाटते’ एवढंच म्हटलं तरी चालतं. कल्पना काय आहे, ते पहिल्याच फोनला सांगायला हवं असं काही नाही.