धनकोंची पंचायत

आमच्या मामांचा सुटे भाग तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. ज्या कंपनीला ते माल देत, ती दिवाळखोरीत निघाली आणि त्यांची बिले अडकली. चौकशीला गेले की एकच उत्तर मिळे, "समिती ठरवील." ही समिती कोण, हे मामांना ठाऊक नव्हते, खरे सांगायचे तर अर्थशास्त्राचा विद्यार्थी असून मलाही नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवाळखोरी व नादारी संहिता २०१६ साली संमत झाली. या कायद्याखाली न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात. कारभार पाहण्यासाठी एक व्यावसायिक नेमला जातो. तो सर्वांचे दावे मागवितो आणि धनको समिती स्थापन करतो.

समितीत मत असते ते मुख्यतः कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांना. २०१८ च्या दुरुस्तीने, घरासाठी बिल्डरकडे पैसे भरलेल्या ग्राहकांनाही त्यांत स्थान मिळाले. येथे डोकी मोजत नाहीत, येणे रक्कम मोजतात. कंपनी सावरण्याची योजना मंजूर होण्यास ६६ टक्के मते लागतात. मुदतीत योजना ठरली नाही, तर कंपनी मोडीत निघते.

मग माल पुरविणाऱ्यांचे काय? त्यांचे एकूण येणे सर्व कर्जाच्या निदान १० टक्के असेल, तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीस बसू शकतो. पण त्याला मत नाही. कंपनी जगेल की नाही हे बँका पारखू शकतात, पुरवठादाराला आपल्या बिलापुरतेच पाहायचे असते, अशी यामागची भूमिका आहे.

एस्सार स्टीलच्या प्रकरणात हाच वाद पेटला. जुलै २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सर्व धनकोंना समान वाटणी द्यावी असे म्हटले. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. वाटणी हा समितीच्या व्यावसायिक शहाणपणाचा प्रश्न आहे. मात्र सर्वांच्या हिताचा विचार केल्याचे योजनेतून दिसले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले.

माझ्या मते सारे मर्म या 'मात्र'मध्ये आहे. मोडीच्या वाटपात पुरवठादाराचा क्रम इतका खाली, की त्याच्या हाती बहुधा काहीच येत नाही. मामांना शेवटी बिलाचा अगदी थोडा भाग मिळाला. ते म्हणाले, "मत नसेना का, पण त्या खोलीत आमचे नाव तरी कोणी काढले असेल का रे?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.