जोडाक्षराविना गोष्ट : पहिली-दुसरीच्या पुस्तकांची पारख

पुस्तक प्रदर्शनात पहिली-दुसरीच्या मुलांचे टेबल लांबूनही ओळखू येते. मोठा टाइप, भडक चित्रे आणि पुष्कळदा मुखपृष्ठावरच दिलेली एक ग्वाही : 'जोडाक्षरविरहित'. ती पाहून पालक आणि शिक्षक निश्चिंत मनाने पुस्तक उचलतात. आपली समीक्षा मात्र या टेबलापाशी फारशी थांबत नाही. सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या सोळा पानी पुस्तकाची 'चित्रे सुरेख, भाषा सोपी' एवढ्यावर बोळवण होते. ही 'सोपी भाषा' म्हणजे नेमके काय, ते तपासून पाहू.

एक साधे उदाहरण घेऊ. 'राजू आंब्याच्या झाडाखाली बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.' आंबा, झाड, तो, डोळा, पाणी या मूळ शब्दांत एकही जोडाक्षर नाही. तरीही या नऊ शब्दांत पाच जोडाक्षरे आली : ब्या, च्या, त्या, च्या, ळ्यां. ती शब्दांनी आणलेली नाहीत, मराठीच्या व्याकरणाने आणली आहेत. आपल्याकडे नाम वाक्यात आले की त्याचे सामान्यरूप होते आणि त्याला प्रत्यय चिकटतो. 'आंबा'चा 'आंब्या' होतो. म्हणजे जोडाक्षर टाळायचे तर अवघड शब्द टाळून भागत नाही, वाक्यरचनाच टाळावी लागते.

ग्वाही पाळणारा लेखक मग लिहितो, 'राजू झाडाखाली बसला होता. राजू रडत होता.' वाक्ये शुद्ध आहेत. पण आंबा गेला, आणि डोळ्यांत पाणी येऊनही न रडणारा मुलगाही गेला. अशा पुस्तकात एक चिमणी उडू शकते, दोन चिमण्या मात्र उडू शकत नाहीत. 'माझ्या', 'तिच्या', 'त्याला' यांना प्रवेश नसल्याने सर्वनामांऐवजी नावेच पुन्हा पुन्हा येतात. 'म्हणाला' नाही, म्हणून पात्रे मोकळेपणी बोलत नाहीत. सर्वांत मोठे नुकसान 'म्हणून' जाण्याचे. तो गेला की उरतो 'मग'. मग हे झाले, मग ते झाले. घटनांची रांग लागते, पण एकीतून दुसरी निघत नाही. कार्यकारणाचा हा धागा तुटला, की मूल पुढे काय होणार याचा अंदाज बांधू शकत नाही. अक्षरे वाचता येतात आणि गोष्ट हाती लागत नाही.

शब्दसंख्येच्या मोजपट्टीतही असाच घोटाळा आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पुस्तकांचे चार स्तर आहेत. पहिल्याची मर्यादा साधारण 250 शब्दांची, दुसऱ्याची 600 शब्दांची. 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. पण हिंदीतल्या 'आम के पेड़ के नीचे' या पाच शब्दांचे मराठीत 'आंब्याच्या झाडाखाली' असे दोनच शब्द होतात. शब्द कमी झाले, प्रत्येकाचे ओझे वाढले. अनुवादित पुस्तकाचा स्तर केवळ शब्द मोजून ठरवला, तर मराठी मुलाच्या वाट्याला अवघड पुस्तक 'सोपे' म्हणून येते.

मग जोडाक्षरे सर्रास येऊ द्यावीत का? तसेही नाही. सगळी जोडाक्षरे सारखी अवघड नसतात. च्या, त्या, ल्या यांत दोन्ही घटक डोळ्यांना दिसतात आणि तीच जोडी पानोपानी भेटते. दहा वेळा भेटली की ओळखीची होते. 'क्ष', 'ज्ञ' यांत घटक दिसेनासे होतात. 'र' तर कधी डोक्यावर बसतो, कधी पायाशी जातो. तेव्हा 'जोडाक्षर आहे का' यापेक्षा 'कोणते आहे, किती वेळा येते आणि मुलाच्या बोलण्यातल्या शब्दात येते का' हे पाहणे अधिक उपयोगाचे. 'माझ्या' हा शब्द मूल शाळेत येण्याआधीपासून वापरत असते.

दुसरी अडचण जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके 1828 मधली. मुलांसाठी छापायचे ते बोधासाठी, ही समजूत तेव्हापासून आपल्या सोबत आहे. तिची परीक्षा सोपी : पुस्तकाचे शेवटचे वाक्य हाताने झाका. गोष्ट तरीही पुरी वाटली तर बोध तिच्या अंगातला. अधांतरी राहिली तर तो वरून चिकटवलेला.

चित्रांची पारख करतानाही तसेच. मजकूर झाकून केवळ चित्रे पाहावीत. मजकुरात 'लाल फुगा' आणि चित्रातही लाल फुगाच असेल, तर चित्राने काही काम केलेले नाही. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या संचाकडे या दृष्टीने पाहावे. लिहिणारा आणि काढणारा हात एकच असल्याने मजकूर थोडक्यात आटोपतो आणि घरातली माणसे, वस्तू, सवयी चित्र सांगते. वाचायला अडखळणारे मूलही तिथे बोलू लागते.

यानंतरची तपासणी मुलाशिवाय होत नाही. पुस्तक एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, मिटावे आणि 'काय झालं?' एवढेच विचारावे. मूल 'मग, मग' म्हणत राहिले की 'म्हणून' म्हणाले, ते ऐकावे. भाषा त्याच्या घरची असो वा नसो, ते उत्तर आपल्या बोलीत देईल; द्यावेच. दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुस्तक मागितले, तर तीही नोंद करावी.

एवढी खटपट सोळा पानांसाठी कशाला, असे कोणी विचारील. ज्या घरात पंचांग आणि लाइटबिलाखेरीज छापील कागद येत नाही, तिथल्या मुलासाठी शाळेच्या पेटीतले तेच पुस्तक पुस्तकांचा पहिला नमुना असते. निवड त्याची नसते, आपली असते. आणि ते आवडले नाही तर तक्रार करण्याची सोय त्याला नसते. ते नुसते पुस्तक पेटीत परत ठेवते.