चुलीचा धूर आणि आमच्या आया-बहिणी

आमच्या आईने जन्मात कधी विडीला हात लावला नाही. तरी छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "विडी ओढता का?" आईला रागच आला. मग आम्ही सांगितले, साहेब, चाळीस वर्षे चूल फुंकली आहे. ते म्हणाले, "मग तेच."

नळीत फुंकायची तपासणी झाली. रोगाचे नाव सीओपीडी. यात श्वासनळ्या अरुंद होतात, पुन्हा पूर्वीसारख्या होत नाहीत. आम्ही आईचा खोकला इतकी वर्षे वयावर ढकलला. कारकुनी करता करता वस्तीचे सगळे अर्ज भरले, घरच्या खोकल्याची नोंद मात्र कुठेच केली नाही.

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात पावसाळ्यात एखाद्या वस्तीत संध्याकाळी जाऊन पाहा. एकच खोली, खिडकी असली तरी पोत्याने बुजवलेली. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, ओलसर गोवऱ्या. धूर पत्र्याला लागून पुन्हा खालीच येतो. त्यातले बारीक कण अडीच मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. नाक ते अडवू शकत नाही. चुलीपुढची माय आणि तिच्या मांडीवरचे लेकरू, दोघांच्याही फुफ्फुसात ते खोल जातात. लेकराला न्यूमोनिया, मायला दमछाक, पुढे मोतीबिंदूही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे गेली. त्यात पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांवर.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. तरी बऱ्याच घरांत गॅस पाहुण्यांच्या चहापुरता. बायांना बोल लावू नका. पऱ्हाटी रानातून फुकट येते, टाकीला रोख पैसे लागतात.

आणखी एक. दार लावून डासांची कॉइल पेटवता ना? २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाले. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

आम्ही पाणी तापवायची चूल अंगणात नेली, स्वयंपाकघराचा वरचा एक पत्रा उचलून धुराला वाट केली. भाकरी आता गॅसवर होते. चव गेली, असे आई म्हणते, आणि पंप ओढून जेवायला बसते.